प्रेरणा राहू दे, माल कुठून आणता?

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला 'सीमाभागातले कलाकार आणि त्यांच्या प्रेरणा'. एकतीस वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलंय, तेव्हा तासभर बोलता येईल असं वाटलं आणि हो म्हणालो. मग दोन महिने हिंडलो. जाईन तिथं विचारायचो, तुमची प्रेरणा काय? धड उत्तर एकाचंही नाही. खानापुरातल्या एका कुंभारमामांनी तर मला गप्पच केलं. "प्रेरणा काय की सर, माती गावली पायजे." त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. माल कुठून आणता, एवढंच विचारायला लागलो. मग माणसं बोलायची थांबेनात.

मामांनी चिमूटभर माती दातांखाली धरली. कचकच लागली की ती परत भिजत घालायची. खानापूरच्या तांबड्या मातीचं नाव मोठं आहे. कुंभारकामाची केंद्रीय संस्था तिथं आली ती उगाच नाही. मला वाटायचं, मडकं चाकावर होतं. चाकावर होतो तो गळा आणि काठ. पोट नंतर येतं, आतून दगडाचा गोटा धरून बाहेरून थापीनं बडवत. मामा एकीकडं माझ्याशी बोलत होते, हात चालूच होता, आणि भिंत कुठं पातळ झाली ते त्यांना आवाजावरून कळत होतं. भाजताना हवा खेळती ठेवली तर भांडं लाल निघतं, कोंडली तर काळं. माती तीच. आम्ही वर्गात रंगचक्र शिकवायचो, त्यात हे कुठं नव्हतं.

गोकाकच्या लाकडी खेळण्यांचं आणि फळांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. हलकं लाकूड, चिंचोक्याची खळ, वर रंग. आमच्या कपाटावर गोकाकचं एक सीताफळ होतं. पाहुण्यांच्या पोरानं एकदा ते खरं समजून चावलं. दाताची खूण अजून आहे. ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मी तरी पाहिलेलं नाही.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, मास्तर, चित्रकार कुठं गेले? आहेत की. बेळगावात के. बी. कुलकर्णींची 'चित्रमंदिर' ही चित्रकलेची शाळा होती. 1935 साली ह्याच गावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्याबद्दल बोललं जातं आणि जावंच. मी आज बोलणार आहे तो माणूस कुठल्याच पुस्तकात नाही.

हे पेंटर. शहापुरात एका बोळात त्यांचं दुकान होतं. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड लिहिले. शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे, ट्रकांची मागची फळी, देवळाच्या भिंतीवरचा मारुती, हे सगळं वरकड. पोट चाललं ते अक्षरांवर.

त्यांना बोर्ड लिहिताना मी बघितलंय. खडूच्या पुडीत बुडवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. फट्. पांढरी रेघ उठते. मराठीसाठी दोरी वर मारायची, कानडीसाठी खाली. मी विचारलं, असं का? म्हणाले, "मराठी दोरीवर वाळत घातल्यागत असतंय सर, कानडी पाटावर मांडी घालून बसतंय." मराठीला चपटा ब्रश, उभा दांडा एका दमात खाली. कानडीला ब्रश बोटांत फिरवत न्यायचा, नाहीतर गोलाई मोडते. कानडी त्यांना वाचायला फारसं येत नव्हतं. अक्षराचं वळण मात्र असं, की कानडी शाळेतले मास्तर पोरांना तो बोर्ड दाखवायला आणायचे.

बोर्डावर कुठली भाषा वर, कुठली खाली, कुठली मोठी, ह्याचं आपल्याकडं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आंदोलन झालं की रात्री कुणीतरी येऊन काळं फासायचं. कधी ह्या बाजूचे, कधी त्या. सकाळी दुकानदार पेंटरांच्या दारात. "फासणारे बदलायचे, रंगवायला मी एकटाच. माझं काय वाईट झालं?" असं म्हणून हसले, पण लगेच ब्रश पुसायला लागले. त्यांना खरं मारलं ते आंदोलनानं नाही, फ्लेक्सनं. तासाभरात छापून मिळतो, दोन पावसाळ्यांत विटतो, आणि अक्षर सगळीकडं एकच.

चपलेचं राहिलंच. अथणी, निपाणीकडं कातडं कमावतात ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. त्याला दिवस लागतात, घाई केली तर कातडं राग धरतं असं तिथली माणसं म्हणतात. वरची वेणी बहुतेक घरांत बायका विणतात, आणि बाजारात नाव मात्र कोल्हापुरी. 2019 साली ह्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार मिळून, बेळगाव त्यात आलं. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चपलेचा निकाल आधी लागला! हसू नका, अथणीतल्या एका मावशींना मी ही बातमी सांगितली तर त्या म्हणाल्या, "मग जोडीमागं चार रुपये वाढवून देतील काय?" मला उत्तर देता आलं नाही.

हे टेबलाशेजारी कापडात गुंडाळून ठेवलंय ते काय, असं मघापासून पुढच्या रांगेतले बघतायत. हा पेंटरांचाच एक बोर्ड. किराणा दुकान बंद झालं तेव्हा भंगारात निघाला होता, मी उचलला. एका कोपऱ्याला रंगाचे पोपडे सुटलेत. वर निळा, त्यावर दोन्ही लिप्या. त्याखाली डांबराचा काळा थर. त्याखाली पिवळा, नुसती मराठी. आणि सगळ्यात तळाशी, नीट बघितलं तर, दोरीची पांढरी रेघ तशीच आहे.

चहा झाल्यावर जवळ येऊन बघा. हात लावला तरी चालेल.