रंगभूमीवरचे डॉक्टर

मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात २३ डिसेंबर १९७० रोजी दि गोवा हिंदु असोसिएशनच्या ‘नटसम्राट’चा पडदा प्रथमच वर गेला, तेव्हा थकलेल्या, घराबाहेर पडलेल्या वृद्ध नटाच्या, गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत उभे असलेले डॉ. श्रीराम लागू अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. नाटक हाच पूर्ण वेळचा व्यवसाय पत्करून त्यांना फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते.

१६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेल्या लागूंनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि त्याच काळात ते नाटकात ओढले गेले. भालबा केळकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची ‘पीडीए’, उभी राहिली. दिवसा रुग्ण आणि संध्याकाळी तालीम, असा हा संसार बरीच वर्षे चालला. पुढील शिक्षणासाठी ते परदेशी गेले, आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी काही काळ डॉक्टरी केली. पण १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकाबरोबर दवाखाना कायमचा मागे पडला. गंमत अशी, की व्यवसाय सुटला तरी नाट्यसृष्टीत त्यांना अखेरपर्यंत ‘डॉक्टर’ याच नावाने हाक मारली गेली.

वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांनी बसवलेल्या ‘नटसम्राट’मध्ये बोलणाऱ्या माणसाच्या आत जुन्या भूमिका सतत जाग्या होत असतात. अशी दीर्घ स्वगते केवळ आवाजाच्या जोरावर म्हटली, तर पोकळ वाटू शकतात. लागूंच्या तोंडी मात्र त्या वाक्यांमागे विचार करणारा माणूस जाणवत असे. नटाजवळ खेळाडूचे शरीर आणि तत्त्वज्ञाची बुद्धी हवी, हा आग्रह ते पुढे आयुष्यभर मांडत राहिले.

हा आग्रह दिग्दर्शनातही दिसला. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ त्यांनी बसवले, तेव्हा माणिकच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, हरकत घेतली. मग डाग निळा झाला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आले, की हा निळा डाग लाल समजावा. डाग दिसलाच नसता, तर त्याची इतकी चर्चा क्वचितच झाली असती.

चित्रपटांनी त्यांना घरोघरी पोहोचवले. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) गावाने ज्याचा पुतळा उभारला, तोच मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो, जब्बार पटेलांच्या ‘सामना’त निळू फुले यांच्या सहकारसम्राटासमोर त्यांचा दारूडा मास्तर एकच प्रश्न चिवटपणे विचारत राहतो. हिंदीत त्यांनी असंख्य वडील, वकील आणि न्यायाधीश रंगवले. त्यातल्या बऱ्याच भूमिका विसरण्याजोग्या आहेत, हे मान्य करायला हरकत नाही; परंतु ‘घरौंदा’साठी मिळालेले फिल्मफेअर पारितोषिक आणि रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’तील गोपाळ कृष्ण गोखले हे त्याला ठळक अपवाद होत.

स्वतःला निरीश्वरवादी म्हणवणाऱ्या लागूंनी परमेश्वराला निवृत्त करण्याची वेळ आली आहे, असे जाहीरपणे लिहिले आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत नरेंद्र दाभोलकरांची साथ केली. तरुण मुलगा तन्वीर अपघाती गेल्यावरही ही भूमिका ढळली नाही. त्याच्या नावाने लागू दांपत्याने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला.

१९९९ मध्ये मकरंद साठे लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले. अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभा राहिला, तेव्हा सॉक्रेटिस सत्तरीचा होता. लागूंनीही तेव्हा सत्तरी ओलांडली होती. बेलवलकरांसाठी रंगवावे लागलेले म्हातारपण आता आपोआपच चेहऱ्यावर आले होते.