बसऱ्याला गेलेली माणसं

नाशिककर श्रोतेहो, नमस्कार.

देवळालीत राहणाऱ्याला तोफांचं अप्रूप नसतं. सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात, कप बशीत किणकिणतो, बोलणारा वाक्य अर्धं सोडून आवाज ओसरेपर्यंत थांबतो, आणि मग पुढचं बोलतो. ५ फेब्रुवारी २००३ च्या रात्री अशाच एका घरी, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांकडे, मी टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत दोन बोटांत एक छोटी कुपी धरली. आत पांढरी पूड. ॲन्थ्रॅक्सची एवढीशी पूड केवढा घात करू शकते, हे ते सांगत होते. ती पूड अर्थातच निव्वळ दाखवण्यापुरती होती.

काका म्हणाले, "आम्हाला एक गोळा टाकायचा तर निशाण दोनदा पडताळावं लागायचं. ह्यांचं कोण पडताळतंय?"

परिषदेच्या दालनाबाहेर पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रतिकृती लावलेली असते. बॉम्बखाली चिरडलेल्या गावाचं ते चित्र. त्या दिवसांत तिच्यावर निळा पडदा ओढला होता. कारण दिलं गेलं कॅमेऱ्यांच्या सोयीचं. असेलही.

मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच शोधपथकाने अहवाल दिला : ज्या शस्त्रसाठ्यांसाठी एवढा आटापिटा केला, ते इराकमध्ये नव्हतेच. तोवर बगदाद पडून दीड वर्ष होत आलं होतं.

पण परक्या फौजेची थाप ऐकायची बगदादची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७ मध्ये, ब्रिटिश सेनापती मॉड शहरात शिरले आणि त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला. आम्ही जिंकायला आलो नाही, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत, असा त्याचा आशय. तो लिहिला होता मार्क साइक्स यांनी. याच गृहस्थांनी वर्षभर आधी, मे १९१६ मध्ये, फ्रान्सशी गुप्त करार करून हा मुलूख कागदावर वाटून घेतला होता! आणि पहिली फौज १९१४ मध्ये बसऱ्याकडे, दक्षिण इराकमधल्या बंदराकडे, निघाली तीही पलीकडच्या इराणी तेलाची राखण करायला. ज्या कंपनीचं ते तेल, तिचे निम्म्याहून जास्त शेअर ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी घेतले होते. तेव्हा लोकांना सांगितलं काय गेलं, तर राजनिष्ठा, न्याय, संस्कृती. तेलाचा हिशेब सरकारी पेटीत कुलूपबंद.

त्या फौजेत आपली माणसं होती. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. इराकमधल्या कुत-अल-अमारा गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ते महिनोन्‌महिने अडकले, घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण तुर्कांना शरण गेले, आणि वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतले कित्येक वाटेतच पडले.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच खेड्यांत, चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत, त्या युद्धाची एक दगडी पाटी बसवलेली दिसते. कुठे चुना फासलेली, कुठे निवडणुकीच्या पोस्टराखाली दडलेली. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर, तोही इंग्रजीत. नावं नाहीत. नुसते आकडे.

आपल्या गावी अशी पाटी असेल तर एकदा ओला फडका फिरवून बघा. बसरा हा शब्द सापडणार नाही. तेल हाही नाही.

नमस्कार.