हद्दीपलीकडचा डॉक्टर

तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे निघालेल्या सकाळच्या एसटीत एक्स-रेचे पाकीट मांडीवर जपून धरलेला एखादा तरी नातेवाईक असतोच. धाराशिव, नळदुर्ग, उमरगा या पट्ट्यात दुखणे हाताबाहेर गेले की ‘सोलापूरला हलवा’ हेच शब्द कानी पडतात. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. तेव्हा या वाटेवर दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे स्वतःचे चलन (हाली रुपया) आणि स्वतःची जकात (करोडगिरी) असलेले निजामाचे संस्थान, तर पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा.

१९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले कोटणीस त्यात होते. त्याच वर्षी औरंगाबादचे विद्यार्थी वंदे मातरम् म्हणण्यासाठी झगडत होते, त्यामुळे मराठवाड्याचे लक्ष घरच्या लढ्यात गुंतले असल्यास नवल नाही.

चीनमध्ये असताना वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते परतले नाहीत. पुढे ते चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तरेच्या डोंगराळ मुलखात गेले. तिथले इस्पितळ म्हणजे बहुधा शेतकऱ्यांची घरेच असत. शत्रू जवळ आला की जखमींसह सगळा पसारा उचलून पुढच्या गावी न्यावा लागे, आणि नाकेबंदीमुळे औषधांची कायम चणचण असे. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि तोवर चिनी भाषा इतकी अवगत झाली होती की विद्यार्थ्यांना ते तीतूनच शिकवत.

तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या को छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना गोळी लागली नाही, त्यांना अपस्माराने गाठले. आपल्याकडे फेफरे आले की आजही कुणीतरी कांदा हुंगवायला धावतो. हा तर स्वतः शल्यचिकित्सक होता आणि पुढचा झटका कोणत्याही क्षणी येऊ शकतो, हे जाणून होता. उपचारांसाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. दिवसा रुग्ण आणि वर्ग सांभाळून ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्रावर लिहीत होते. पहिले पुस्तक हातावेगळे झाले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा दुसरे अर्ध्यावर आले होते.