वरवंट्याचे डोळे

मंडळी, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "आपली मुले आणि आपली भाषा" असा भारदस्त विषय छापला आहे, आणि त्याची टिपणेही मी काढून ठेवली होती. पण गेल्या रविवारी आमच्या घरी एका वरवंट्यावरून जो वाद झाला, त्यानंतर ती टिपणे वाचून दाखवण्याचा मला धीर होत नाही.

हा वरवंटा १९७९ साली माझ्या पत्नीबरोबर इंग्लंडात आला. त्या वेळी विमानात २० किलो सामान नेता येई. त्यातले ४ किलो या दगडाने खाल्ले आणि माझी पुस्तके मागे राहिली. पाटाही अर्थातच मागे राहिला, त्यामुळे येथे आल्यापासून त्याने एक मिरचीसुद्धा वाटलेली नाही. पुढेमागे लागेल म्हणून तो आणला होता, आणि लागलाही: १९८० मध्ये मुलाच्या बारशाला, आणि सात वर्षांपूर्वी नातीच्या. एरवीची सगळी वर्षे त्याने बागेकडचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी बसून काढली आहेत.

रविवारी या वरवंट्याला डोळे आले. आपल्याकडे पावसाळ्यात येतात तसे नव्हेत. हस्तकलेच्या डब्यातले, आत काळी टिकली हलणारे दोन प्लास्टिकचे डोळे, भरपूर गोंद लावून चिकटवलेले. पत्नीने ते पाहिले आणि तिचा आवाज चढला. "देवाधर्माच्या कामाचा दगड आहे तो, खेळणं नाही," असे ती म्हणाली. नात रडली नाही. ती म्हणाली, "पण आजी, टोपडं तर तूच घातलंस त्याला. फोटो आहे. मी फक्त डोळे दिली. त्याला फोटोत काही दिसत नव्हतं."

आणि अशा वेळी तिच्या आजोबांनी, म्हणजे गेली चौदा वर्षे मंडळाच्या शनिवारच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या या गृहस्थांनी, काय म्हणावे? मी म्हणालो, "'दिली' नव्हे, 'दिले'. डोळा तो, म्हणून डोळे दिले."

तिला ही कल्पना कोठून सुचली, हे शोधायला लांब जावे लागले नाही. ऐंशीच्या दशकात ज्यांची मुले येथे लहान होती, त्यांना "बटन मून" हा टीव्हीवरचा मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम आठवत असेलच. १९८० ते १९८८ या काळात आयटीव्हीवर त्याचे ९१ भाग झाले, प्रत्येक दहा मिनिटांचा. मिस्टर स्पून, मिसेस स्पून, त्यांची कन्या टीना टी-स्पून आणि तिचा मित्र एगबर्ट ही सगळी मंडळी स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून केलेली. जंक प्लॅनेटवरच्या घरातून घरीच बनवलेल्या अग्निबाणात बसून मिस्टर स्पून बटणाच्या चंद्रावर जात, तेथून दुर्बिणीने दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट पाहत आणि घरी परत येत. आमचा मुलगा हे बघताना जेवायचे विसरायचा. त्यानेच आता ते जुने भाग शोधून लेकीला दाखवले, आणि तिच्यापेक्षा तोच अधिक रमला, असे सूनबाई सांगतात.

तेव्हा मला हा कार्यक्रम फारच साधा वाटे. आता वाटते की ते करणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. त्यांनी चमच्याला राजपुत्र केले नाही, चमचाच राहू दिले. पाध्यांचे अर्धवटराव कितीही लाडके असले तरी त्यांच्यासाठी खेळाला जावे लागे. आपल्या घरातल्या फडताळात ते सापडत नसत. येथे मात्र कार्यक्रम संपल्यावर मुलाने स्वयंपाकघरातला खण ओढला की त्याला सगळी नटमंडळी एकमेकांच्या अंगावर झोपलेली दिसत.

गंमत अशी की इंग्रजीत चमचा हा निर्जीव "इट". त्याला माणसांत आणायचे तर आधी "मिस्टर" लावावे लागते. आपल्याकडे चमचा जन्मतःच "तो" असतो, पळी "ती" आणि उलथणे "ते". पाटा-वरवंट्याची आणि पोळपाट-लाटण्याची जोडी आपण मोडत नाही. बांगडी फुटली असे आपल्या आया कधी म्हणाल्या नाहीत, ती "वाढवली". दिवा विझवला नाही, "मालवला". झाडूला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार केला, आणि आपण पडलो तेव्हा आजीने आधी जमिनीला दोन चापट्या मारल्या आणि मग "बघ, मुंगी मेली" म्हणून आपले रडे थांबवले. आणि बारशाचे काय सांगू? पाळण्यात बाळाला घालण्याआधी वरवंट्याला न्हाऊ घालून, टोपडे चढवून, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याखालून आणि वरून फिरवणाऱ्या बायका बाहुल्यांचाच खेळ करत नव्हत्या, तर दुसरे काय करत होत्या? फक्त त्या खेळातल्या बाहुलीला डोळे नव्हते, आणि ही उणीव सात वर्षांच्या मुलीच्या लक्षात आली.

आपण हे सगळे मुलांपुढे कसे ठेवले, ते आता ऐका. शनिवारच्या वर्गात आपण एक तक्ता लावतो. त्यात पुल्लिंग निळ्या रंगात, स्त्रीलिंग गुलाबी रंगात आणि नपुंसकलिंग हिरव्या रंगात आहे. तो तक्ता मीच केला आणि त्याचा मला बराच अभिमानही होता. जी माहिती घरातल्या नातेवाइकांची म्हणून मिळायला हवी, ती आपण लाल शाईने तपासतो. "बारशाला वरवंटा का?" असे मुलाने विचारले की आपण "पद्धत असते" म्हणतो आणि कॅमेरा शोधू लागतो. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू वाहून त्याचे छायाचित्र आपण साऱ्या नातेवाइकांना पाठवतो, पण मुलाने व्हॅक्यूम क्लीनरला नाव दिले की "आता मोठा हो" असे त्याला ऐकवतो. मागच्या रांगेत हसू आले आहे. म्हणजे हे आमच्याच घरी होत नाही तर. मी स्वतः दर हिवाळ्यात बॉयलरच्या पाठीवरून हात फिरवून "एवढी थंडी काढ रे बाबा" असे म्हणत आलो आहे. मात्र आजूबाजूला कोणी नसताना.

त्या रविवारी रात्री मी नातीच्या खोलीवरून जात होतो. वरवंटा तिने बाबापुता करून वर नेला होता. त्याचे नाव आता गोविंद आहे. छायाचित्रातल्या बायका काय म्हणत होत्या, हे तिने आपल्या वडिलांना विचारून घेतले होते. ती त्याच्याशी बोलत होती. दाराशी बसून थंडी वाजते का, पाटा नावाच्या मित्राची आठवण येते का, असे बरेच काही तिने त्याला विचारले. बोलणे अस्खलित होते, मध्येच थांबून शब्द शोधणे नव्हते, आणि ते सगळे इंग्रजीत होते.

मला त्याचे वाईट वाटावे की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आपल्या चार पिढ्यांनी ज्या दगडाला जीव आहे असे मानले, त्याला पाचव्या पिढीने जीव आहे असेच मानले. मग भाषेचा हिशेब मी का मागावा? पण मी केलेल्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट घडली आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी आज टिपणे बाजूला ठेवली. त्या दिवसापासून नात माझ्याशी मराठीत "हो", "नको" आणि "आले" एवढेच बोलते. या तीन शब्दांत लिंगाची चूक होण्याची भीती जवळजवळ नाही. आजीशी मात्र ती पूर्वीसारखीच, चुकत-माकत बोलते.

वरवंटा पुन्हा दाराशी आला आहे. पत्नीने त्याचे डोळे अजून काढलेले नाहीत. गोंद निघत नाही असे ती म्हणते, पण तिने प्रयत्न केलेला मी पाहिलेला नाही. परवा बागेतून आत येताना माझा पाय त्याला लागला. मी वाकलो, हात लावून नमस्कार केला आणि मान वर केली तर नात जिन्यात उभी होती. तिने काही विचारले नाही. मलाही काही सांगता आले नाही.