३४ कलांचा कोन

श्रोतेहो, नमस्कार. गणित या विषयावर रेडिओवरून बोलताना फळा आणि खडू हाताशी नसतात, ही अडचण मी आधीच मान्य करतो. त्यामुळे आज आकडे थोडे सांगेन, पण जे सांगेन ते सावकाश आणि गरज पडेल तेथे पुन्हा सांगेन. विषय आहे इस्लामी परंपरेतील दोन जुन्या प्रश्नांमागच्या गणिताचा. पहिला प्रश्न दिशेचा: जगात कोठेही उभे राहिले असता मक्केतील काबा नेमका कोणत्या दिशेला आहे, म्हणजे किब्ला कोणता? दुसरा प्रश्न दिवसाचा: नवा महिना कोणत्या संध्याकाळी सुरू झाला? दिशा आणि दिवस, हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत. या दोन प्रश्नांपायी बगदादपासून समरकंदपर्यंतच्या गणितज्ञांनी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित कित्येक शतके घासूनपुसून लख्ख केले.

दिशेचा प्रश्न वरवर सोपा वाटतो. नकाशा पसरावा, आपल्या गावापासून मक्केपर्यंत पट्टी ठेवावी आणि रेघ ओढावी, असे कोणीही म्हणेल. आपल्या नागपूरचे उदाहरण घेऊ. नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश ९ कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि मक्केचा सुमारे २१ अंश २५ कला, म्हणजे दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर बसलेली आहेत. पट्टीची रेघ सांगेल की मक्का नागपूरच्या सरळ पश्चिमेला आहे. गणित मात्र सांगते की नागपूरचा किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. पुन्हा सांगतो: अक्षांश जवळजवळ एक, तरीही दिशा सरळ पश्चिम नाही. ज्यांच्या घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल त्यांनी नागपूर आणि मक्का यांच्यामध्ये दोरा ताणून पाहावा; ताणलेला दोरा अक्षवृत्तावरून न जाता त्याच्या उत्तरेकडून कमान घेऊन जातो, कारण गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच असतो. मुंबईसाठी हाच झुकाव सुमारे १० अंश येतो. आपल्याकडे शाळेत त्रिकोणमिती शिकवतात ती सगळी सपाट कागदावरची असते. ज्या पृथ्वीवर आपण राहतो तिच्या आकाराला साजेसा एक तरी त्रिकोण दहावीच्या पुस्तकात असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते, असो.

किब्ला काढायला तीन गोष्टी लागतात: आपला अक्षांश, मक्केचा अक्षांश आणि दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांमधील फरक. अक्षांश काढणे सोपे, कारण ध्रुवतारा किंवा दुपारचा सूर्य किती उंचीवर आहे हे मोजले की काम भागते. रेखांशातील फरक मात्र कठीण, कारण तो म्हणजे दोन गावांच्या स्थानिक वेळांमधील फरक, आणि तेव्हा दूरच्या गावची वेळ कळण्याची सोय नव्हती. या तीन गोष्टी एकदा मिळाल्या की पुढचे काम आकडेमोडीचे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीतील वेळगणक अल-खलीली याने निरनिराळ्या अक्षांश-रेखांशांसाठी किब्ल्याचे सुमारे ३००० कोन काढून त्यांचे एक कोष्टकच तयार केले. संगणक नसताना केलेले हे काम पाहिले की मान आपोआप लवते.

पण आज मला ज्याची हकीकत सांगायची आहे तो माणूस खलीलीच्याही आधी, तीनशे वर्षांपूर्वीचा. अबू रैहान अल-बिरूनी. हिंदुस्थानविषयीच्या त्याच्या ग्रंथामुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव येते, पण ही हकीकत तेथे येत नाही.

बिरूनी ९७३ साली मध्य आशियातील ख्वारिझममध्ये जन्मला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, २४ मे ९९७ रोजी, त्याने एक चंद्रग्रहण काथ या गावाहून पाहिले आणि तेच ग्रहण अबुल वफा या नामवंत गणितज्ञाने बगदादहून पाहिले, हे दोघांनी आधीच ठरवून केलेले होते. ग्रहण दोघांना एकाच क्षणी दिसते, पण घटका मात्र आपापल्या गावच्या. त्यामुळे दोन्ही वेळांमधला फरक, जो सुमारे एक तास निघाला, तोच दोन गावांच्या रेखांशांमधला फरक. युक्ती सुंदर आहे, पण ग्रहणे रोज लागत नाहीत आणि प्रत्येक गावी अबुल वफा भेटत नाही.

पुढे १०१७ साली गझनीच्या महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर बिरूनीलाही गझनीला नेले. तो कैदी होता की दरबारी, हे ठरवणे अवघड आहे. बहुधा दोन्ही होता. तेथे त्याने मनावर घेतले की गझनीचे स्थान अचूक काढायचे आणि त्यावरून गझनीचा किब्ला ठरवायचा. या एका प्रश्नासाठी त्याने ‘तहदीद’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अख्खा ग्रंथ लिहिला, जो १०२५ साली पुरा झाला. त्या ग्रंथात तो सांगतो की १०१८ सालच्या ऑक्टोबरात तो काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होता, मोजमापाचे एकही उपकरण जवळ नव्हते आणि उपकरण बनवायला लागणारे सामानही नव्हते. तेव्हा त्याने आकडेमोड करायची पाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा कंस काढून त्याचे अंशांत भाग पाडले, ओळंबा लावला आणि दुपारच्या सूर्याची उंची मोजून त्या खेड्याचा अक्षांश काढला. गवंड्याच्या हातात असतो तसा ओळंबा आणि हिशेबाची पाटी, एवढ्यावर वेधशाळा उभी राहिली.

आता मुद्दा नीट ऐकावा, कारण पुढची सगळी हकीकत याच्यावर आहे. ग्रहण हाताशी नसेल तर रेखांश काढायचा दुसरा मार्ग काफिल्यांचा. बगदादहून आजच्या तेहरानजवळचे रे हे शहर, तेथून पुढे बल्ख, तेथून गझनी, असे टप्प्याटप्प्याचे अंतर व्यापाऱ्यांना ठाऊक असे. रस्ते वळणावळणाचे म्हणून त्यातून काही भाग वजा करायचा आणि उरलेल्या अंतराचे अंश करायचे. पण मैलांचे अंश करायचे तर पृथ्वीच्या एका अंशात किती मैल मावतात हे माहीत हवे, आणि ते माहीत असण्यासाठी पृथ्वी केवढी आहे हे माहीत हवे. म्हणजे किब्ल्याचा प्रश्न फिरत फिरत पृथ्वीच्या आकारमानापाशी येऊन थांबला.

हे माप खलिफा मामूनच्या काळात, नवव्या शतकात, घेतले गेले होते. त्याच्या माणसांनी सिंजारच्या वाळवंटात ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत सरळ उत्तर-दक्षिण चालून जमीन मोजली होती, आणि एका अंशाला सुमारे ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल असे उत्तर आले होते. बिरूनीलाही तसेच करायचे होते, त्याने कास्पियन समुद्राजवळच्या मैदानात प्रयत्नही केला, पण वाळवंटात चालायला माणसे आणि खर्च करायला आश्रयदाता मिळेना. मग त्याने चालणेच रद्द केले.

पंजाबात, आजच्या पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. त्याच्याजवळ बिरूनीला हवी तशी जागा सापडली: एक उंच डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी क्षितिजापर्यंत पसरलेले सपाट मैदान. प्रथम त्याने खालून, चौकोनी पाटी आणि तिच्यावर फिरणारी पट्टी यांच्या साहाय्याने, समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने डोंगराची उंची काढली. ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. मग तो माथ्यावर चढला आणि त्याने क्षितिजाकडे नजर रोखली. उंचावरून पाहताना क्षितिज डोळ्याच्या सरळ रेषेत नसते, किंचित खाली असते, आणि जेवढी पृथ्वी लहान तेवढे ते अधिक खाली. हा उतार त्याने मोजला: ३४ कला. म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढी रुंदी व्यापतो साधारण तेवढाच कोन. पुन्हा सांगतो, डोंगर ६५२ हात आणि कोन ३४ कला. एवढ्या दोन मापांवरून, घाम न गाळता, त्याने पृथ्वीची त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात काढली, आणि त्यावरून अंशाला सुमारे ५६ मैल हे उत्तर आले, जे मामूनच्या वाळवंटी मापाच्या अगदी जवळ होते.

येथे बहुतेक सांगणारे टाळ्या घेऊन थांबतात. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर बिरूनीने पृथ्वीची त्रिज्या आजच्या मापाच्या काही किलोमीटरांपर्यंत अचूक काढली, असे छातीठोकपणे लिहिलेले असते. तो हात किती लांबीचा होता हे आपल्याला हवे तसे धरले की उत्तर हवे तसे अचूक निघते, एवढेच त्याबद्दल म्हणतो. मला त्या हिशेबाच्या आत जे दिसते ते जास्त मोलाचे वाटते. कोसाइन हे त्रिकोणमितीतले कोनाचे एक गुणोत्तर; ३४ कलांची कोसाइन म्हणजे ०.९९९९५१, जवळजवळ १. त्रिज्या काढताना ती १ मधून वजा करून उरलेल्या इवल्या आकड्याने डोंगराच्या उंचीला भागायचे असते. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाने भरलेला ट्रक एकदा चालकासह आणि एकदा चालकाविना चढवून वजाबाकीने चालकाचे वजन काढण्यासारखा हा प्रकार आहे. काट्याची बारीकशी चूकही चालकाचे वजन भलतेच दाखवील. बिरूनीचीच दोन मापे घेऊन आज कॅल्क्युलेटरवर हिशेब केला तर उत्तर १ कोटी ३३ लाख हात येते. जवळजवळ ४ टक्क्यांचा हा फरक मापातला नाही, तो त्रिकोणमितीच्या कोष्टकातल्या शेवटच्या आकड्यांच्या ढकलाढकलीतून आला आहे. शिवाय हवेतून येताना प्रकाशाचा किरण वाकतो आणि क्षितिज आहे त्याहून थोडे वर दिसते, ती चूक वेगळीच.

आणि बिरूनीला आपल्या रीतीचा भरवसा किती धरायचा हे कळत होते. स्वतःचे माप देऊन झाल्यावर तो लिहितो की मामूनच्या माणसांची उपकरणे अधिक बारीक होती आणि त्यांनी कष्टही अधिक घेतले होते, म्हणून माप त्यांचेच धरावे. स्वतःच्या डोंगरावर चढून, स्वतःचा कोन मोजून, पुन्हा दुसऱ्याचे उत्तर स्वीकारणारा हा गणिती मला फार आवडतो. हकीकत लांबली खरी, पण ती आवरती घेणे मला कधीच जमत नाही.

आता दुसरा प्रश्न, दिवसाचा, थोडक्यात. चंद्राचा एक महिना सरासरी २९.५३०५९ दिवसांचा असतो. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर सुमारे ९ तास. सौरवर्षाहून हे ११ दिवसांनी कमी. आपले पंचांग अधिक महिना घालून हा फरक भरून काढते, हिजरी गणना तो भरून काढत नाही, म्हणून रमजान दरवर्षी ११ दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. उरलेल्या ९ तासांसाठी अंकगणिती हिजरी कालगणनेत ३० वर्षांचे चक्र धरून त्यातल्या ११ वर्षांना एकेक दिवस वाढवतात. ३० वर्षे, ११ जादा दिवस, एकूण १०,६३१ दिवस. आणि खऱ्या चंद्राशी यात एका दिवसाचा फरक पडायला सुमारे अडीच हजार वर्षे लागतात. मुंबईतला दाऊदी बोहरा समाज याच गणिती पद्धतीने चालतो, म्हणून त्यांची ईद पुष्कळदा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते. पेशवे दफ्तरातील पत्रांवर ‘छ’ या अक्षरापुढे जमादिलावल किंवा रमजान अशा महिन्यांच्या तिथी असतात, त्यांची इंग्रजी तारीख काढतानाही हेच चक्र कामी येते. एखाद्या दिवसाचा फरक पडतो तो पत्रात वार असेल तर ताडून पाहता येतो.

ज्यांची ईद चंद्रदर्शनावर ठरते त्यांच्यासाठी गणित अधिक नाजूक आहे. अमावास्या संपल्याचा क्षण मिनिटापर्यंत सांगता येतो, कोर दिसेल की नाही हे तसे सांगता येत नाही. चंद्र सूर्यापासून रोज सुमारे १२ अंश दूर सरकतो. या १२ अंशांनाच आपण एक तिथी म्हणतो, आणि चंद्र दिसू लागण्यासाठी सूर्यसिद्धान्तातही १२ अंशच सांगितले आहेत. दांजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात दाखवले की अंतर सुमारे ७ अंशांहून कमी असेल तर कोर उमटतच नाही. म्हणजे ७ अंशांच्या आत ‘दिसणार नाही’ हे गणित ठामपणे सांगते. ७ ते १२ च्या दरम्यान मात्र हवा, धूळ आणि पाहणाऱ्याची नजर यांच्यावर सोडून द्यावे लागते. आपल्याकडे सूर्य मावळल्यानंतर अडीच तासांनी तो अरबस्तानात मावळतो, तेवढ्या वेळात चंद्र आणखी अंशभर पुढे सरकलेला असतो, आणि कोर आणखी पश्चिमेच्या देशांत प्रथम दिसण्याचे कारणही हेच आहे. मोबाइलवर खगोलाचे हिशेब हाताशी असताना चंद्रदर्शनाच्या उलटसुलट बातम्यांवर रात्री बारापर्यंत वाद घालणे टाळता येण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. निदान ७ अंशांच्या आतल्या दिवशी तरी.

जाता जाता दिशेसाठी एक सोय सांगतो, जिला कोसाइन लागत नाही. मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळाप्रमाणे ही वेळ २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटे आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटे अशी येते. पुन्हा सांगतो: मे अखेरीस २.४८ आणि जुलैच्या मध्यास २.५७. त्या मिनिटाला गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. काठीची सावली ज्या बाजूला पडेल त्याच्या बरोबर उलट बाजू म्हणजे किब्ला. मोबाइलमधल्या होकायंत्राला लोखंडी कपाट आणि स्लॅबमधल्या सळ्या चकवतात, सावलीला चकवत नाहीत. कोकणात आणि मुंबईत जुलैतली तारीख बहुधा ढगांत जाते, तेव्हा तिकडच्या श्रोत्यांनी मेमधलीच धरावी. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी फरक अगदी थोडा पडतो, घड्याळ मात्र आधी रेडिओच्या वेळेशी जुळवून घ्यावे. नमस्कार.