गाडी माझ्याकडे, नाव दुसऱ्याचं

नमस्कार, श्रोतेहो.

दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एक जुनी मोटारसायकल घेतली. शंभर सीसीची, काळ्या रंगाची, एमएच १५ पासिंग. रविवार कारंज्याजवळ एका छापखान्यात मी कामाला आहे आणि राहायला मखमलाबादला. रात्री मशीन बंद करून निघेपर्यंत उशीर होतो, तेव्हा बस नसते आणि रोजची रिक्षा परवडत नाही. बावीस हजारांत सौदा ठरला. विकणाऱ्यानं आरसी बुक दिलं, एक किल्ली दिली आणि फॉर्म २९ व ३० चे सह्या केलेले कोरे कागद दिले. हे गाडीची मालकी बदलण्याचे अर्ज, आपल्याकडे सगळे त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. तो म्हणाला, “सह्या आहेत ना, तुमच्या सवडीनं नावावर करून घ्या.” मी ते कागद घडी करून कपाटात ठेवले. पंधरा महिने ते तिथेच पडून होते.

आरसीवरचं नाव विकणाऱ्याचं नव्हतंच. ते होतं निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं. विकणाऱ्यानं त्यांच्याकडून गाडी घेतली, वर्षभर वापरली आणि स्वतःच्या नावावर न करताच मला दिली. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण नाशकात अशा हातोहात फिरलेल्या किती गाड्या रस्त्यावर आहेत, कुणाचं काही अडलेलं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मग एका संध्याकाळी फोन आला. पलीकडे विशीतला मुलगा होता. त्यानं आदबीनं विचारलं, “दादा, माझ्या पप्पांची गाडी तुमच्याकडे आहे का? पप्पांच्या मोबाईलवर दंडाचे मेसेज येतात. पप्पा जाऊन वर्ष झालं.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. द्राक्षांच्या गोडी छाटणीचे दिवस होते, त्या मुलाची आई, म्हणजे काकू, बागेतून नुकत्याच आल्या होत्या. मुलानं वडिलांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्या घरानं तो नंबर बंद केला नव्हता, कारण सोसायटीचे, बँकेचे मेसेज त्यावरच येत. ई-चलान उघडलं तर फोटो होता मुंबई नाक्याच्या सिग्नलवरचा. झेब्रा पट्ट्यांवर उभी असलेली ती काळी गाडी, तिच्यावर माझी पाठ आणि हँडलला लटकवलेली माझी डब्याची पिशवी. अशी तीन चलानं होती. प्रत्येकावर नाव मात्र त्या वारलेल्या माणसाचं.

काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी चहा ठेवला. पहिला मेसेज आला तेव्हा तो कशाचा आहे हे न कळून त्या घाबरल्या होत्या आणि मुलगा दोन दिवस पोलीस चौकीला जाऊ की नको या विचारात होता, हे नंतर कळलं. मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा त्रास सगळ्या व्यवहारात काही संबंध न उरलेलं एक घर सोसत होतं. आज हे बोलायला आलो आहे ते त्यासाठीच.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ५० मध्ये नाव बदलण्याची मुदत स्पष्ट दिली आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. म्हणजे हे काम एकट्या घेणाऱ्याचं नाही, आधी ते विकणाऱ्याचं आहे. फॉर्म २९ ही मुळात विकणाऱ्यानं द्यायची खबर आहे. आपण मात्र त्यावर सही करून तो दुसऱ्याच्या हातात देतो आणि मोकळे झालो असं समजतो. मोकळे होत नाही. याच कायद्यात मालक कोण याची व्याख्या आहे आणि ती सांगते, ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली जात राहिली, नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं आणि अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं, नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. समजा त्या पंधरा महिन्यांत माझ्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर नोटीस निफाडच्या त्या घरी गेली असती. मी हे काकूंसमोर बसून वाचलं नव्हतं, घरी आल्यावर वाचलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

विम्याचंही तसंच. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं कायदा मानतो, पण पॉलिसीवर नाव बदलायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. पॉलिसीबरोबर मालक-चालकाचं जे पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते मिळतं नोंदीतल्या मालकाला. म्हणजे मी रोज रात्री अकरा वाजता पंचवटीतून घरी जात होतो आणि माझ्या बायकोमुलांसाठी त्या पॉलिसीत माझं नाव कुठेच नव्हतं.

आता सोडवणूक कशी झाली ते सांगतो. पेठ रोडच्या आरटीओबाहेर एकानं मला दहा मिनिटांत तोडगा दिला. “सह्या आहेत ना फॉर्मवर? मागची तारीख टाकू, काम होऊन जाईल.” सही खरी होती, माणूस जिवंत असताना केलेली होती. तरीही मी नाही म्हटलं. गेलेल्या माणसाला आज अर्जदार म्हणून उभं करणं म्हणजे सरकारी कागदावर खोटं लिहिणं, आणि त्यातून पुढे काही निघालंच तर विचारणा पुन्हा काकूंच्याच दारात जाणार. ज्यांना ही वाट सोपी वाटते त्यांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं.

सरळ वाट लांबची आहे, पण आहे. मालक वारला असेल तर वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची. नियमात त्यासाठी मृत्यूपासून तीन महिन्यांची मुदत आहे. आमची ती कधीच टळून गेली होती, तरी काम झालं. मृत्यूचा दाखला आणि दोन्ही मुलांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागलं, मग गाडी काकूंच्या नावावर झाली. त्यानंतर काकूंच्या सहीनं पुन्हा फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी माझ्या नावावर. दोन टप्पे, दोन वेळा फी. दुचाकीच्या नाव बदलाची मूळ फी नियमात १५० रुपये आहे. खर्च खरा होतो तो उशीर, खेटे आणि बुडालेल्या रोजाचा. चालू विमा आणि चालू पीयूसी हवी. चलानं भरलेली हवीत. तिन्ही माझीच होती, मी भरली. गाडी २०१९ च्या एप्रिलच्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधी बसवून घ्या, ती नसेल तर काम अडतं.

आणि चेसिसची छाप. हे एक काम मला मनापासून आवडलं. हँडलच्या खाली, जिथे फ्रेमची मान असते, तिथे लोखंडात नंबर ठोकलेला असतो. माझ्या गाडीवर तिथे ग्रीस आणि मातीचा थर होता. रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, मग नंबरावर पेन्सिल घासली, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि हळूच उचलली. नंबर पट्टीवर उतरला. ती पट्टी अर्जावर चिकटवायची. छापखान्यातला माणूस मी, ठसा नीट उठलाय की नाही ते मला लगेच कळतं. पहिला पुसट होता, एका आकड्याचा पाय दिसत नव्हता. दुसरा स्वच्छ आला. मग तो आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहिला. जुनी गाडी घेणाऱ्यानं हेच काम पैसे देण्याआधी करावं असं माझं ठाम मत आहे. दहा मिनिटं लागतात. चेसिसवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल, किंवा आकडे खरवडलेले दिसले, तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथूनच परत फिरा.

तसंच गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकून बघा. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, काही अक्षरं दिसतात, पण समोरचा माणूस तोच आहे का एवढं कळतं. विमा कधी संपतो, नोंदणीची १५ वर्षं कधी भरतात तेही दिसतं. आणि बोजा आहे का ते बघा. आमच्या छापखान्यातल्या एका बाइंडरनं घेतलेल्या गाडीचं कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण फायनान्स कंपनीचं नाव आरसीवरून कुणी काढलंच नव्हतं. कंपनीचं ना हरकत पत्र आणि कंपनीच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि तो कंपनी ज्याचं कर्ज होतं त्यालाच देते. त्या बाइंडरला मूळ कर्जदाराच्या शोधात सिन्नरला चार चकरा माराव्या लागल्या. सापुताऱ्याच्या पलीकडून येणाऱ्या जीजे पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, इथे नव्यानं नंबर आणि इथला कर, हे सगळं धरून किंमत करा.

ज्यांनी गाडी विकली आहे त्यांना माझं अधिकच कळकळीचं सांगणं आहे. घेणाऱ्याबरोबर स्वतः जा. जमत नसेल तर फॉर्म २९ स्वतः भरा, त्याची पोच घ्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद जपून ठेवा. आणि महिन्याभरानं ॲपवर आपला जुना नंबर टाकून पाहा. अजून तुमचंच नाव दिसत असेल, तर संकोच न करता त्याला फोन करा. मला तो फोन एका पोरक्या मुलाला करावा लागला, याची खंत मला अजून आहे.

काकू पेठ रोडला आल्या त्या दिवशी थंडी होती. निफाडच्या थंडीतून पहाटे निघून, स्वेटरवर शाल गुंडाळून त्या मुलाबरोबर एसटीनं आल्या. सह्या झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक किल्ली काढली. गाडीची दुसरी किल्ली. विकताना त्यांच्या यजमानांना ती सापडली नव्हती, पुढे कपाट आवरताना देव्हाऱ्यामागे मिळाली. “ही तुमच्याकडेच पाहिजे आता,” त्या म्हणाल्या.

काही आठवड्यांनी गाडी नावावर झाल्याचा मेसेज आला. या वेळी माझ्या मोबाईलवर. मी तो त्या मुलाला पाठवला. त्यानं लगेच फोन केला आणि विचारलं, “दादा, मग आता पप्पांचा नंबर बंद केला तर चालेल ना?”

मी म्हटलं, “माझ्याकडून चालेल.”

नमस्कार.