भिंतीवर गिरवलेली अक्षरं

नमस्कार श्रोतेहो. आज आपण बल्गेरियात जाऊ, वार्ना शहराच्या पश्चिमेला, प्रोवादियाजवळच्या रावना गावात. तिथं नवव्या शतकातल्या एका मठाचे अवशेष आहेत. तिथल्या ग्रीक शिलालेखानुसार मठातल्या चर्चची प्रतिष्ठापना 23 एप्रिल 889 रोजी झाली. बल्गेरियाचा राजा बोरिस यानं गादी सोडून मठाची वाट धरली, तेही याच वर्षी.

बोरिसनं साधारण 864 साली बाप्तिस्मा घेतला, पण प्रार्थना होत्या ग्रीकमधून. सामान्य माणसाला त्यातलं काय उमगणार? मग 886 साली स्लाव लोकांत धर्मप्रसार करणाऱ्या मेथोडियसचे शिष्य, मध्य युरोपातल्या मोराव्हियातून हाकलून दिलेले, बोरिसच्या दारी आले. स्लाव भाषा लिहायची ग्लागोलिती लिपी त्यांच्या हातात होती. बोरिसनं त्यांना आसरा दिला, आणि पाठोपाठ पुस्तकं लिहिणारे, शिकवणारे मठ उभे राहिले.

रावनाच्या भिंती बघताना माझं मन भरून येतं. तीनशेहून अधिक लेख त्या दगडांवर खरवडलेत. ग्रीक, ग्लागोलिती, सिरिलिक, लॅटिन आणि जुन्या बल्गार लोकांची रून चिन्हं, सगळी एकाच आवारात! दरबारी कारागिरानं कोरलेले लेख फार थोडे. बाकीचे कुणी सुरीच्या टोकानं, कुणी टोकदार सळईनं ओरखडलेले. शेजारी घोडे, शिकारी, जहाजं, क्रूस अशी शेकडो चित्रं.

हे लेख वाचायचे कसे? भरदुपारच्या उन्हात भिंत कोरी दिसते. विजेरी दगडाला अगदी लगटून, आडवी धरायची. मग ओरखड्यात सावली भरते आणि अक्षर वर येतं. रेघ कुठं खोल गेलीय, कुठं हात घसरलाय, तेही कळतं.

असंच बल्गेरियाच्या जुन्या राजधानीत, प्रेस्लाव्हला, गोल चर्चच्या भिंतीवर, ग्लागोलिती मुळाक्षरं सापडली. ओळीनं, एकापुढे एक, आणि मध्येच थांबलेली. मला ती एखाद्या शिकणाऱ्याचीच वाटतात. आपल्याकडं मूल पाटीवर गिरवतं, तशी त्यानं भिंतीवर गिरवली असतील.

अकराव्या शतकात पेचेनेग या भटक्या टोळ्यांच्या धाडींत रावनाचा मठ उजाड झाला. छपरं कोसळली, दगड मातीखाली गेले. त्या मातीनंच ओरखडे सांभाळले. विसाव्या शतकात उत्खननाच्या फावड्यांनी माती दूर सारली, तेव्हा तो सुरीनं काढलेला घोडा तसाच उधळलेला होता.